मवाळ कोणाला म्हणायचे? जिराँदिस्ट, पॅरिसची भाकरी आणि गुलामांचा प्रश्न

आपल्या चळवळीत 'मवाळ' ही शिवी आहे. कोणी वाटाघाटीची भाषा केली की तो मवाळ, कोणी निवेदन देऊन परत आला की तो मवाळ. ज्याने माइकवर आवाज चढवला तो जहाल, आणि म्हणून तो आपला. हे मोजमाप आपण कोणाकडून उचलले, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

मवाळ आणि जहाल हे शब्द मराठीत रुजले ते काँग्रेसमधल्या भांडणातून. त्या भांडणात जहालांचे पुढारी लोकमान्य टिळक. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा त्याला विरोध करण्यात हेच जहाल पुढे होते. १८९५ च्या पुणे काँग्रेसमध्ये सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू द्यायची नाही म्हणून हाणामारीची आणि मंडप जाळण्याची भाषा झाली, तीही याच गोटातून. आणि सामाजिक परिषद चालवणारे न्यायमूर्ती रानडे मात्र मवाळ. म्हणजे इंग्रजांपुढे गर्जना करणारा माणूस जातीपुढे आणि बाईच्या प्रश्नापुढे शेपूट घालतो, तरी इतिहासात तो जहालच राहतो. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणाच्या सुरुवातीलाच सामाजिक परिषदेचा हा वाद काढला आहे, तो उगाच नाही. (रानड्यांचे मवाळपण आपल्या कामाचे होते असे म्हणायचे नाही. त्यांची सुधारणा बहुतेक उच्चवर्णीय कुटुंबाच्या उंबरठ्याआतच राहिली, हे बाबासाहेबांनीच तिथे स्पष्ट केले आहे.)

तेव्हा आवाजाची पट्टी बाजूला ठेवून एक जुने प्रकरण तपासू. प्रकरण फ्रेंच राज्यक्रांतीचे आहे, आणि तो इतिहास आपल्याला परका नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींच्या सभेशी केली होती, आणि त्या परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा काढला होता. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी हेही बजावले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. दोन्ही विधाने एकत्र वाचायला हवीत. फ्रेंच क्रांतीची घोषणा त्यांना मोलाची वाटत होती. पण ती क्रांती समता आणू शकली नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ती का आणू शकली नाही, याचे एक उत्तर जिराँदिस्ट नावाच्या गटाच्या कहाणीत सापडते.

शाळेच्या पुस्तकात जिराँदिस्टांना दोन ओळी मिळतात: मवाळ प्रजासत्ताकवादी, जॅकोबिनांनी त्यांना गिलोटिनवर चढवले. त्यापुढे दोन तयार आवृत्त्या बाजारात आहेत. डाव्या मित्रांची आवृत्ती सांगते की हे व्यापाऱ्यांचे दलाल होते, क्रांतीच्या वाटेतले धोंड होते, गेले ते बरे झाले. उदारमतवादी आवृत्ती सांगते की हे सुसंस्कृत, कायद्याला मानणारे, वक्तृत्वसंपन्न हुतात्मे होते आणि झुंडीने त्यांचा बळी घेतला. दोन्ही आवृत्त्यांमध्ये काळ्या गुलामांचा प्रश्न तळटीपेत जातो. आपल्याकडे जात जशी 'नंतर बघू'च्या यादीत जाते, तसाच.

मुळात जिराँदिस्ट हा आजच्या अर्थाने पक्ष नव्हता. त्यांची सभासद-यादी नव्हती, शिस्तपालन समिती नव्हती. १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये नवे विधिमंडळ भरले तेव्हा बोर्दो शहर ज्या जिराँद जिल्ह्यात येते, तिथून काही तरुण वकील निवडून आले होते: व्हर्न्यो, ग्वादे, जाँसोने. त्यांच्याभोवती आणि पत्रकार ब्रिसोभोवती जो कंपू जमला, त्याला त्या काळी लोक बहुधा 'ब्रिसोवाले' म्हणत. 'जिराँदिस्ट' हे नाव घरोघरी गेले ते पुढे १८४७ मध्ये कवी लामार्तीनने त्यांचा इतिहास लिहिला तेव्हा. सुरुवातीला ते जॅकोबिन क्लबचेच सभासद होते, हे विसरू नये. रोबेस्पिअर आणि ब्रिसो एकाच छताखाली बसत. ब्रिसो हा शार्त्र गावातल्या खाणावळवाल्याचा मुलगा. मादाम रोलाँ नक्षीकाम करणाऱ्या कारागिराची मुलगी. तिला मत नव्हते, सभागृहात जागा नव्हती. पण तिचा नवरा गृहमंत्री झाल्यावर जून १७९२ मध्ये त्याने राजाला जे खरमरीत पत्र पाठवले आणि ज्यापायी त्याचे मंत्रिपद गेले, ते तिने लिहिलेले होते. ही माणसे उमरावांची पिल्ले नव्हती. शिकून वर आलेली, बोलण्यात आणि लिहिण्यात तरबेज, आणि आपण वर आलो म्हणजे रस्ता सर्वांना मोकळा झाला असे मनापासून मानणारी. हा शेवटचा गुण ओळखीचा वाटत असेल तर वाटू द्या.

आता त्यांचे मवाळपण बघा. १७९१ च्या हिवाळ्यात युरोपातल्या राजांविरुद्ध युद्ध पुकारा, असा घोष सर्वांत मोठ्याने कोणी केला? ब्रिसोने. युद्धाला विरोध कोणी केला? रोबेस्पिअरने. बंदूक घेऊन आलेला धर्मोपदेशक कोणालाच आवडत नसतो, असा त्याचा युक्तिवाद होता. परक्या मुलखात संगिनीच्या टोकावर स्वातंत्र्य नेता येत नाही आणि युद्धाने देशात सेनापती मोठे होतात, हे तो जॅकोबिन क्लबात पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे कोणी ऐकले नाही. २० एप्रिल १७९२ रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध जाहीर झाले. राजा-राणीलाही युद्ध हवेच होते. फ्रान्स हरेल आणि आपली गादी परत पक्की होईल, हा त्यांचा हिशेब. ज्यांना आपण मवाळ म्हणतो त्यांनी ही आग लावली, आणि पुढची जवळपास तेवीस वर्षे, मध्ये थोडा खंड सोडला तर, युरोप त्यात जळत राहिला. देशभक्तीचा आवाज ही त्यांची सर्वांत जहाल गोष्ट होती. घरातला प्रश्न अडचणीचा झाला की सीमेकडे बोट दाखवायचे, हे तंत्र काही आजचे नाही.

राजाच्या बाबतीत मात्र त्यांचे पाय डळमळले. १७९२ च्या जुलैअखेर पॅरिसच्या वस्त्यांमधले कष्टकरी राजाला पदच्युत करा म्हणून उठत होते, तेव्हा व्हर्न्यो, ग्वादे आणि जाँसोने एका चित्रकाराच्या मार्फत दरबाराशी गुप्त पत्रव्यवहार करत होते: आमचे मंत्री परत घ्या, मग बघू. १० ऑगस्टला लोकांनी तुइलरी राजवाडा घेतला. राजेशाही मोडली ती या वक्त्यांनी नव्हे, त्या लोकांनी. पण २१ सप्टेंबरला नव्या राष्ट्रीय सभेने, म्हणजे कन्व्हेन्शनने, राजेशाही रद्द केल्याची घोषणा केली, तेव्हा सभागृहात वजन होते ते पुन्हा जिराँदिस्टांचेच. खालच्यांनी रक्त सांडायचे आणि वरच्यांनी ठराव मांडायचा. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या खटल्यात त्यांनी शिक्षेचा निर्णय देशभरातल्या मतदारांकडे न्यावा अशी सूचना केली. ती पडली. मग त्यांच्यातच फूट झाली, काहींनी फाशीच्या बाजूने मत दिले, काहींनी विरोधात. जनमताची सूचना मांडणारा व्हर्न्यो स्वतः मृत्युदंडाच्या बाजूने गेला, आणि अध्यक्ष म्हणून निकालही त्यालाच वाचावा लागला.

या सभेत एक परदेशी सभासद बसत होता, टॉमस पेन. इंग्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लेखणी चालवलेला, आणि आता पा-द-कॅले जिल्ह्याचा प्रतिनिधी. त्याला फ्रेंच धड बोलता येत नव्हते, त्याचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवायचे. राजाला मारू नका, अमेरिकेला हद्दपार करा, असे त्याने सांगितले, तेव्हा मारा मध्येच ओरडला की हा क्वेकर पंथाचा माणूस, फाशीच्या प्रश्नावर याला मत कसले! पेनची ऊठबस जिराँदिस्टांत होती. त्याच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाने पुण्यातल्या विशीतल्या जोतीराव फुल्यांना हलवले, हे जोतीरावांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. म्हणजे ज्यांना आपण मवाळ म्हणून निकालात काढतो, त्यांच्या पंगतीतल्या एका माणसाचा धागा थेट सत्यशोधकापर्यंत येतो. पेनचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

भाकरीच्या प्रश्नावर जिराँदिस्ट खरोखर उघडे पडतात. त्यांचे अर्थशास्त्र सोपे होते: धान्याचा व्यापार मोकळा सोडा, भाव आपोआप बसतील. युद्धामुळे कागदी चलनाची किंमत घसरत होती, शेतकरी आणि व्यापारी धान्य दाबून ठेवत होते, पावासाठी बायका पहाटेपासून रांगा लावत होत्या. गृहमंत्री रोलाँचे उत्तर एकच, सरकारने हात घालू नये. डिसेंबर १७९२ मध्ये धान्यव्यापार मोकळा ठेवण्याचा कायदा झाला. त्याच चर्चेत रोबेस्पिअरने मांडले की पहिला हक्क जगण्याचा आहे. जगायला जे लागते ते साऱ्या समाजाचे, त्यावर जे उरेल तेवढीच खासगी मालमत्ता. हे वाक्य ज्याला कळले त्याला पुढची सगळी फ्रेंच क्रांती कळते. जिराँदिस्टांना मालमत्ता पवित्र होती. भुकेला माणूस म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता.

दुसरे कारण पॅरिस. राजधानीतल्या कष्टकरी वस्त्या आपल्याला मानत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी प्रांतांची ढाल पुढे केली. देशात ८३ जिल्हे आहेत, तेव्हा पॅरिसचे वजन एक-त्र्याऐंशीमांश असावे, असे त्यांच्यातला लासूर्स म्हणाला. मे १७९३ मध्ये सभेचा अध्यक्ष असलेल्या इस्नारने तर धमकीच दिली की पॅरिसने आमच्या प्रतिनिधींना हात लावला, तर हे शहर होते कुठे हे सीन नदीच्या काठावर शोधावे लागेल. एक चूक तर त्यांनी स्वतःच्या हाताने केली. एप्रिलमध्ये त्यांनी माराचे सभासदत्वाचे संरक्षण काढून त्याला क्रांतिकारी न्यायालयापुढे उभे केले. न्यायालयाने मारा निर्दोष सोडला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन परत आणले. प्रतिनिधीला सभागृहातून उचलून खटल्यात घालता येते, ही वाट मात्र मोकळी झाली. सहा आठवड्यांत त्याच वाटेने ते स्वतः गेले. ३१ मे ते २ जून या दिवसांत पॅरिसच्या नॅशनल गार्डने तोफांसह सभागृह वेढले आणि २९ प्रतिनिधी व दोन मंत्र्यांच्या अटकेचा ठराव करून घेतला.

त्यांतले काही पळाले आणि प्रांतांत बंडाला तोंड फुटले: कॅन, बोर्दो, मार्सेय, लियाँ. झेंडा प्रजासत्ताकाचा होता, पण त्याखाली हळूहळू राजेवाले येऊन उभे राहिले. लियाँमध्ये स्थानिक जॅकोबिन पुढारी शालिए याला गिलोटिनवर चढवण्यात आले. ऑगस्टअखेर तूलाँ बंदर इंग्रज आरमाराच्या स्वाधीन झाले. मवाळांच्या तंबूत प्रतिक्रांतीने मुक्काम ठोकला. आणि इकडे त्यांच्या पाडावानंतर सहा-सात आठवड्यांत काय झाले, तेही बघा. २४ जूनला सर्व प्रौढ पुरुषांना मत आणि गरजूंना सार्वजनिक मदतीचा हक्क देणारी राज्यघटना संमत झाली (ती अमलात कधीच आली नाही, हा वेगळा भाग). १७ जुलैला उरलेसुरले सरंजामी कर कोणतीही भरपाई न देता कायमचे रद्द झाले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामशाही संपली असे आपण पाठ करतो, पण त्या रात्री जे संपले त्यातल्या बऱ्याच करांसाठी शेतकऱ्याने जमीनदाराला पैसे मोजून सुटका करून घ्यायची होती. खरी सुटका चार वर्षांनी झाली.

इथवर डावे मित्र खूश असतील. पण ३० ऑक्टोबर १७९३ रोजी याच जहाल सरकारने स्त्रियांच्या सर्व क्लबांवर बंदी घातली. ज्या क्रांतिकारी स्त्रियांनी मे महिन्यात जिराँदिस्टांच्या विरोधात सभागृहाच्या दारांवर पहारे दिले होते, त्यांचाच क्लब बंद झाला. दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, ब्रिसो आणि व्हर्न्योसह जिराँदिस्टांना गिलोटिनवर नेले. शिक्षा झालेल्या एकवीसांपैकी एकाने न्यायालयातच सुरा खुपसून घेतला होता, त्याचे प्रेतही गाडीतून नेले. आठवड्याभरात स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलँप द गूज गेली, मग मादाम रोलाँ गेली. स्त्रियांना नागरिकत्व द्या, असे १७९० मध्येच लिहिणारा कोंदोर्से लपून राहिला आणि मार्च १७९४ मध्ये कोठडीत मेला. स्त्रीच्या प्रश्नावर जहाल कोण होते आणि मवाळ कोण होते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता तळटीपेत टाकलेला प्रश्न. फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत सेंट डोमिंग, म्हणजे आजचे हैती. साखर आणि कॉफी. सुमारे साडेचार ते पाच लाख काळे गुलाम, तीसेक हजार गोरे आणि जवळपास तेवढेच 'स्वतंत्र वर्णी' लोक, म्हणजे गोऱ्या बापाची मिश्र संतती आणि सुटका झालेले काळे. बोर्दोची भरभराट याच साखरेवर आणि गुलामांच्या जहाजांवर झालेली. स्वतंत्र वर्णी लोकांपैकी अनेकांकडे मळे होते, आणि मळ्यांवर गुलामही होते. पॅरिसमध्ये त्यांची बाजू मांडणारा ज्यूलियाँ रेमाँ स्वतः गुलामांचा मालक होता. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिची रचना ही अशी. मधल्या पायरीवरच्याला वरच्याचा अपमान जाळतो, पण खालचा आपल्या बरोबरीने उभा राहिला तर ते त्याला सोसत नाही. गुलामी आणि अस्पृश्यता एकच नव्हे, हे बाबासाहेबांनी सविस्तर दाखवले आहे. पायऱ्यांचे गणित मात्र दोन्हीकडे ओळखता येते.

फेब्रुवारी १७८८ मध्ये, म्हणजे बास्तीय पडण्याच्या दीड वर्ष आधी, पॅरिसमध्ये 'काळ्यांच्या मित्रांची संस्था' स्थापन करणारा माणूस होता ब्रिसो. क्रांतीच्या पहिल्या सभागृहात मळेवाल्यांच्या गटाची चलती होती. माणूस जन्मतः स्वतंत्र आणि समान आहे, हे २६ ऑगस्ट १७८९ ला जाहीर करणाऱ्या सभेने हे वाक्य समुद्रापलीकडे लागू होऊ नये याची काळजी घेतली. स्वतंत्र वर्णीयांच्या हक्कासाठी सेंट डोमिंगमध्ये उठलेल्या व्हँसाँ ओजेला १७९१ च्या फेब्रुवारीत चाकावर हाडे मोडून मारले. मेमध्ये सभेने मोजक्या वर्णीयांना हक्क दिले, सप्टेंबरमध्ये ते परत काढून घेतले. दरम्यान २२ ऑगस्टच्या रात्री गुलामांनी स्वतःच निर्णय केला. उत्तरेकडचे मळे पेटले.

या काळात सभागृहात आणि वर्तमानपत्रात मळेवाल्यांशी सतत भिडत राहिले ते ब्रिसो आणि त्याचे सोबती. ४ एप्रिल १७९२ चा कायदा हे त्यांचे काम: सर्व स्वतंत्र माणसांना, रंग कोणताही असो, समान राजकीय हक्क. युरोपच्या कोणत्याही साम्राज्याने तोवर असे केले नव्हते. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे, आणि त्याच श्वासात कायद्याचा हेतूही सांगितला पाहिजे. गोरे आणि स्वतंत्र वर्णी एकत्र यावेत आणि त्यांनी मिळून गुलामांचे बंड मोडावे, यासाठी तो होता. गुलामगिरीबद्दल त्यात अक्षर नाही. 'काळ्यांचे मित्र' गुलामांचा व्यापार थांबवा म्हणत होते. गुलामगिरी मात्र हळूहळू, टप्प्याटप्प्याने, मालकांचे नुकसान न होता जावी, हे त्यांचे धोरण. 'हळूहळू' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो नेहमी ज्याच्या मानेवर जू नाही तोच उच्चारतो.

तरी इतिहासाने इथे एक गंमत केली. कायदा राबवायला जे आयुक्त गेले, त्यांतला सोंतोना हा ब्रिसोच्या वर्तुळातला माणूस. जून १७९३ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्याविरुद्ध बंड केले, ल कॅप शहर जळाले. समोर गोऱ्यांचे बंड, दारात इंग्रज आणि स्पॅनिश फौजा. प्रजासत्ताकासाठी लढेल त्याला मुक्ती, असे आयुक्तांना जाहीर करावे लागले, आणि २९ ऑगस्ट १७९३ रोजी सोंतोनाने उत्तर प्रांतातल्या सर्व गुलामांना मुक्त केले. दोन वर्षे हातात कोयते-मशाली घेऊन उभ्या असलेल्या गुलामांनी त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता. मवाळ मित्राने अर्धवट उघडलेले दार त्यांनी लाथेने पूर्ण उघडले.

आणि पॅरिसच्या जहालांनी काय केले? जिराँदिस्टांचा पाडाव झाल्यावर जुलै १७९३ मध्ये सोंतोनावर आरोप ठेवून त्याला परत बोलावण्याचा हुकूम निघाला. ब्रिसोवरील आरोपपत्रात वसाहती बुडवल्याचा ठपका होता. ब्रिसोला मारून अडीच आठवडे झाल्यावर, १७ नोव्हेंबरला, रोबेस्पिअरने सभेपुढे सांगितले की ज्या टोळीला फ्रान्समधल्या सगळ्या गरिबांना दास करायचे होते, त्याच टोळीने आपल्या वसाहती नष्ट करण्यासाठी एका क्षणात सर्व काळ्यांना मुक्त करून शस्त्रे दिली. जगण्याचा हक्क पहिला म्हणणाऱ्या माणसाचे हे शब्द. मळेवाल्यांच्या हस्तकांनी त्याचे कान भरले होते, हे खरे. पण कान भरले जावेत इतकी जागा त्यात होती. १७९१ मध्ये राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द येऊ देऊ नका म्हणून तोच सभागृहात लढला होता. मारानेही काळ्यांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले होते. म्हणजे जहाल सगळे एका माळेचे मणी नव्हते, जसे मवाळही नव्हते.

पॅरिसच्या गरिबाची बाजूही यात गुंतलेली होती. जानेवारी १७९२ मध्ये साखर महागली म्हणून पॅरिसमध्ये दुकानांवर हल्ले झाले, फेब्रुवारी १७९३ मध्ये साखर, कॉफी, साबण, मेणबत्त्यांसाठी पुन्हा झाले. साखर महागली कारण सेंट डोमिंगचे मळे जळत होते. पॅरिसच्या कष्टकऱ्याची स्वस्त साखर गुलामाच्या पाठीवरच्या वळांतून येत होती. फक्त वर्ग मोजणाऱ्याला यातले पॅरिस दिसते, सेंट डोमिंग दिसत नाही.

सेंट डोमिंगमधून नवे तीन प्रतिनिधी निवडून आले: एक गोरा, एक मिश्र वर्णाचा, आणि एक काळा. हा काळा प्रतिनिधी जाँ-बाप्तिस्त बेले स्वतः गुलाम राहिलेला. त्यांनी सभेत येऊन हकीकत सांगितली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी कन्व्हेन्शनने सर्व फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, मालकांना भरपाई न देता. जिराँदिस्ट तेव्हा थडग्यात होते. ठराव जॅकोबिन सभेचा, घोषणा जिराँदिस्ट आयुक्ताची, आणि लढाई गुलामांची. तरीही जूनमध्ये सोंतोनाला आरोपी म्हणून जहाजात बसवून फ्रान्सला आणलेच. तो पोचेपर्यंत रोबेस्पिअर स्वतः गिलोटिनखाली गेला होता.

रोबेस्पिअर पडल्यावर वाचलेले जिराँदिस्ट लपण्याच्या जागांतून आणि तुरुंगांतून सभागृहात परतले. डिसेंबर १७९४ मध्ये भावनियंत्रण उठवले गेले, आणि तो हिवाळा पॅरिसच्या गरिबांनी उपाशी काढला. १७९५ ची नवी राज्यघटना तयार करणाऱ्या समितीत लाँज्विने आणि लूव्हे हे जुने जिराँदिस्ट होते. ज्यांच्या सोबत्यांना झुंडीने मारले, त्यांनी आता झुंडीचा बंदोबस्त करायचे ठरवले. प्रतिनिधी निवडणारे अंतिम मतदार मालमत्तेच्या अटीने गाळून सुमारे ३० हजारांवर आणले. साऱ्या फ्रान्समध्ये ३० हजार! गुलामगिरीबंदी मात्र त्यांनी राखली, वसाहती प्रजासत्ताकाचा अविभाज्य भाग मानल्या. काळ्या माणसाचे स्वातंत्र्य आणि गोऱ्या गरिबाचे मत, यांतले एक ठेवून दुसरे काढले. दोन वर्षांपूर्वी रोबेस्पिअर नेमके उलटे करायला निघाला होता.

टॉमस पेन डिसेंबर १७९३ पासून दहा महिन्यांहून अधिक काळ लक्झेंबर्ग तुरुंगात होता, मरता मरता वाचला. सभेने त्याला सन्मानाने परत घेतले. जुलै १७९५ मध्ये तो उठला, आणि त्याचे भाषण पुन्हा दुसऱ्यानेच वाचून दाखवले. मालमत्तेवर मताचा हक्क ठरवणे हे १७८९ च्या जाहीरनाम्याशी बेइमानी आहे, असे त्याने आपल्याच सुटका करणाऱ्या मित्रांना सांगितले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींवर मत वाटणाऱ्या इंग्रज सरकारच्या सायमन कमिशनपुढे, बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा या देशातले भलेभले 'अडाण्याला मत कशाला' म्हणतच होते. पॅरिसच्या सभेने पेनचे म्हणणे ऐकून घेतले आणि मसुदा आहे तसा मंजूर केला. मतदार ३० हजारच राहिले. बोनापार्टने नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता हातात घेतली, तेव्हा त्या राज्यघटनेसाठी पॅरिसच्या वस्त्यांमधून कोणी रस्त्यावर उतरले नाही. १८०२ मध्ये त्याने गुलामगिरी परत आणली, तेव्हा सेंट डोमिंगमध्ये मात्र लोक उठले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले.